पिलेट्सला यंत्र नको, सतरंजी पुरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत नुकताच पिलेट्स या व्यायामप्रकारावर लेख आला. हा विषय आपण घेतलात याचा मनापासून आनंद झाला. पण लेखासोबतचं छायाचित्र पाहून आमच्या वर्गातल्या बायकांनी पान उलटलं. काचेच्या खोलीत, स्प्रिंग लावलेल्या सरकत्या पलंगावर व्यायाम करणारी तरुणी पाहून ‘हे आपल्यासाठी नव्हं’ असं त्यांनी ठरवून टाकलं. त्याच आठवड्यात पेपरात घालून आलेल्या एका पत्रकात ‘पिलेट्स करा, महिन्यात दहा किलो घटवा’ असंही छापलेलं होतं. या दोन्ही गोष्टींमुळे ज्यांच्यापर्यंत ही माहिती पोचायला हवी त्याच बायका तिच्यापासून लांब जातील, अशी काळजी वाटली म्हणून हे पत्र.

मी एका मराठी हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाले. बेळगावच्या शहापुरात राहते. आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या खोलीत सकाळी बायकांचा व्यायामवर्ग घेते, फी नाही. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडून पिलेट्सचे जमिनीवरचे व्यायाम नीट शिकून घेतले आणि तिच्या सल्ल्यानेच ते वर्गात आणले.

आमच्याकडे येणाऱ्या बायका कोण, ते आधी सांगते. वडगाव, शहापूर, खासबाग भागात घरोघरी माग आहेत. बाई स्वयंपाक उरकून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसते ती दुपारपर्यंत पाय दुमडूनच. निपाणीकडून लग्न होऊन आलेल्या दोघी-तिघी आहेत, त्यांचं माहेरपण विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मान खाली, आणि मजुरी हजार विड्यांमागे, म्हणजे मान वर करायची उसंत नाही. खानापूरच्या बाजूच्या बायका पावसात भाताची लावणी करतात. गुडघाभर चिखलात दिवसभर कमरेतून वाकलेल्या. काही काजूच्या कारखान्यात, काही खडेबाजार-गणपत गल्लीतल्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या.

यांना व्यायामाचं नाव काढलं की एकच उत्तर मिळतं, ‘बाई, आमचं अंग दिवसभर हलतंयच की, आणि येगळा व्यायाम कशाला?’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात तेच तेच स्नायू, त्याच दिशेला, दमेपर्यंत वापरले जातात आणि बाकीचे पडून राहतात. कांड्या भरणारीची मान आणि खांदे आखडतात, मांडीचा सांधा दुमडलेल्या स्थितीत घट्ट होतो, नितंबाचे स्नायू झोपी जातात आणि पोट सैल पडतं. मग एक दिवस घागर उचलताना कमरेत चमक भरते. मेडिकलमधून पट्टा आणला जातो, तो दिवसभर बांधला जातो, आणि पट्टा सोडला की दुखणं परत हजर.

खरं तर तसा पट्टा आपल्या शरीरातच आहे. पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू पाठीच्या मणक्यापासून निघून पोटाला गुंडाळून असतो. त्याच्या वर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्याला लगटून असलेले बारीक स्नायू. हात किंवा पाय हलवण्याच्या क्षणभर आधी हे स्नायू आवळले जावेत अशी शरीराची रचना आहे. कंबरदुखी असलेल्या बऱ्याच जणींत ते उशिरा जागे होतात. पिलेट्सचा सगळा भर या आतल्या स्नायूंना कामाला लावण्यावर आहे. वजन उचलणं नाही, धावणं नाही, घामाघूम होणं नाही. संथ हालचाल, त्या हालचालीवर लक्ष, आणि हालचालीला जोडलेला श्वास.

यंत्राबद्दल सांगायचं तर हा प्रकार काढणारे जोसेफ पिलेट्स १८८३ साली जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप यांनी बेजार झालेला हा मुलगा स्वतःच्या शरीरासाठी व्यायाम शोधत मोठा झाला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असल्यामुळे जर्मन म्हणून त्यांना छावणीत ठेवलं गेलं, आणि तिथे ते सोबतच्या बंदिवानांकडून व्यायाम करून घेत. १९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कमध्ये पत्नी क्लारा यांच्याबरोबर व्यायामशाळा काढली आणि दुखापत झालेले नर्तक-नर्तकी त्यांच्याकडे येऊ लागले. यंत्रं त्यांनीच बनवली, हे खरं. पण १९४५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात जे ३४ व्यायाम दिले आहेत, ते सगळे जमिनीवरचे आहेत. यंत्रावर जाणाऱ्यांनी जावं, पण सतरंजीवर केलेलं पिलेट्स कमी प्रतीचं, असं कुणी समजू नये.

एक व्यायाम लेखात नावापुरता आला आहे, तो नीट सांगते. इंग्रजीत त्याला ब्रिज म्हणतात. उताणं पडायचं, गुडघे दुमडून तळवे जमिनीवर, दोन पायांत मुठीएवढं अंतर. श्वास घ्यायचा, आणि तोंडाने हळूहळू सोडताना आधी माकडहाड उचलायचं, मग कंबर, मग पाठ, एकेक मणका सतरंजीवरून सुटतोय असं. खांद्याच्या पात्यांवर येऊन थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि सोडताना वरच्या मणक्यापासून पुन्हा एकेक खाली. पहिल्या आठवड्यात सगळ्या जणी धडकन कंबर उचलतात आणि धडकन टाकतात. ‘बाई, झालं’ म्हणतात. तेव्हा मी त्यांच्या कमरेखाली हात ठेवते आणि सांगते, माझ्या हातावर आधी पाठ येऊ दे, कंबर नंतर. तेवढ्यानं वेग उतरतो. आमच्याकडे कन्नड बोलणाऱ्या बायकाही येतात, त्यामुळे ‘श्वास सोडा, उसिरु बिड्री’ असं एका दमात म्हणायची सवय मला लागली आहे. कपड्यांचा प्रश्न पहिल्यांदा सगळ्याच विचारतात. पाचवारीत हा व्यायाम होत नाही, सलवार चालते, मुलाची जुनी ट्रॅकपँट चालते. नऊवारीचा कासोटा घातलेल्या आमच्या एका आजींना तर कसलीच अडचण येत नाही. दार मात्र आम्ही लावून घेतो. तेवढा आडोसा मिळाला तरच बायका मोकळेपणी हातपाय हलवतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा व्यायाम बायकांनी करावा असं मला सगळ्यात जास्त वाटतं, तिच्याबद्दल. या विषयावर आपल्याकडे कुणी बोलत नाही, आणि आपल्या लेखातही ते आलेलं नाही. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, घागर उचलली की लघवी सुटणं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, पाळी जायला आलेल्या, गर्भपिशवी काढलेल्या बायकांत हा त्रास सर्रास असतो. काहींना खाली जड जड वाटतं, काहींचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, खाली उतरून बाहेर येतं. आपल्या आया-आज्यांनी हे ‘बाईच्या जन्माला लागलेलंच’ म्हणून सोसलं. वर्गातल्या एका बाईंनी हे मला वर्गात नाही सांगितलं, बाहेर चपला घालताना सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. भावाकडे कोल्हापूरला जायचं म्हणजे त्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसत. बसमध्ये खोकला आला तर काय, ही भीती. पुढे तर त्यांनी जाणंच सोडलं होतं. भाऊबीजेला भावालाच इकडे बोलावत.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून सावरते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होतं तेव्हा सैल पडते, आणि जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, श्वास कोंडून ओझी उचलणं यांनी तिच्यावर रोज भार पडत राहतो. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येतं आणि ही झोळीही किंचित खाली जाते. सोडताना दोन्ही वर उचलली जातात. पिलेट्समध्ये जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा नियम आहे, तो इथे उपयोगी पडतो. घागर, कळशी, गॅसची टाकी, चाऱ्याचा भारा, काहीही उचलताना दम धरला की सगळा दाब खाली जातो. श्वास सोडत उचललं तर खालचे स्नायू आपोआप साथ देतात. ही एक सवय जरी बायकांनी लावून घेतली तरी खूप झालं.

त्या बाईंना मी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीला जंतुसंसर्ग आहे का, अंग किती खाली आलं आहे, हे तपासल्याशिवाय व्यायाम सांगणं माझ्या अधिकारातलं नाही. मग भाचीने त्यांना खालचे स्नायू नेमके कसे आवळायचे आणि सोडायचे ते शिकवलं. सोडणं मुद्दाम लिहिते, कारण काही बायकांत हे स्नायू सैल नसून उलट सतत आखडलेले असतात आणि त्यांना आवळायला लावलं तर त्रास वाढतो. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे आवळण्या-सोडण्याचे व्यायाम मांडले. अशा त्रासात आजही पहिला उपचार म्हणून डॉक्टर तेच सांगतात. पिलेट्स त्याची जागा घेत नाही. पण जे स्नायू बाई खुर्चीत बसून आवळायला शिकते, तेच उठताना, वाकताना, उचलताना कामाला कसे लावायचे हे तिला पिलेट्समध्ये कळतं. काही महिन्यांनी त्या बाई वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘मी यंदा भावाकडं जाऊन आले.’ का गेल्या नव्हत्या ते कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर आणखी तिघी माझ्याशी चपला घालताना बोलायला थांबल्या.

लाभ सांगताना मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर त्या दहा किलोच्या पत्रकात आणि माझ्या पत्रात फरक काय राहिला? कंबरदुखीवर पिलेट्सचा किती उपयोग होतो याचा आढावा २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. १० चाचण्या, ५१० रुग्ण. काहीच न करण्यापेक्षा किंवा नाममात्र उपचारापेक्षा पिलेट्सने दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. मात्र दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा ठाम पुरावा मिळाला नाही, आणि पुरावाही फार भक्कम नव्हता. मला हे निराशाजनक वाटत नाही. जो व्यायाम बाईला आवडेल आणि ती सोडणार नाही तो तिचा. आमच्या वर्गात पिलेट्स टिकलं, कारण ते झोपून-बसून होतं, गुडघ्यांवर भार येत नाही आणि दिवसभर राबलेल्या अंगाला त्यात थोडा विसावाही मिळतो.

वजन मात्र यानं फारसं उतरत नाही, हे स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं, की प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम हवा आणि शिवाय २ दिवस स्नायू बळकट करणारा. पिलेट्स या दुसऱ्या खात्यात जमा होतं. पहिल्यासाठी चालायलाच हवं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जा, किल्ला तलावाला फेऱ्या मारा, पण झपाझप चाला.

हाडांचंही तसंच. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने झिजतात. हाडाला बळकटी यायची तर त्यावर भार आणि झटका पडावा लागतो. जिने चढणं, वजन उचलणं, झेपेल त्यांनी झिम्मा-फुगडी खेळणं, याने ते होतं. सतरंजीवरच्या पिलेट्सने हाडं भरून येत नाहीत. त्याने तोल सुधारतो, पाठ ताठ राहते, आणि म्हातारपणी पडण्याची भीती कमी व्हायला मदत होते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की घरची म्हातारी पुन्हा स्वतःच्या पायावर चालेल याची खात्री नसते, हे आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलं आहे.

याच संदर्भात एक धोका ठळकपणे छापावा अशी विनंती आहे. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी पिलेट्समधले पाठ गोल करून उठण्याचे, पुढे खूप वाकण्याचे आणि पाठीवर लोळण्याचे व्यायाम करू नयेत. मणका दबून मोडू शकतो. आपल्या लेखात दिलेल्या चार व्यायामांपैकी दोन याच जातीचे आहेत आणि लेखाचं शीर्षक ‘साठीनंतरही तंदुरुस्त’ असं आहे. ते कापून ठेवणाऱ्या वाचकांसाठी ही दुरुस्ती लवकर यावी. मणक्याची गादी सरकून पायात कळ जात असेल तरीही हे व्यायाम नकोत. गरोदर बाईने मधल्या महिन्यांपासून फार वेळ उताणं पडून व्यायाम करू नये. बाळंतिणीने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी, साधारण सहा आठवड्यांनी, आणि सिझेरियन असेल तर आणखी थांबून. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट घट्ट बांधतात. बांधण्याला आधारापुरता अर्थ आहे, पण पोटाचे मधोमध फाकलेले स्नायू नुसत्या बांधण्यानं जवळ येत नाहीत. ते श्वासाच्या साध्या व्यायामापासून हळूहळू बळकट करावे लागतात. अशा बाईला पहिल्याच महिन्यात पोटाच्या उठाबशा काढायला लावणं चुकीचं आहे.

काही वाचक म्हणतील, आपल्याकडे योग असताना हे परदेशी कशाला? मी आयुष्यभर मुलींना सूर्यनमस्कार शिकवले. औंधच्या प्रतिनिधींनी ज्या तळमळीने सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले तिचा माझ्यावर संस्कार आहे. कर्नाटकातल्या बेल्लूरमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात आयुष्य वेचलेल्या अय्यंगार गुरुजींनी दोर, विटा, पट्टे वापरून आजारी आणि वयस्कर माणसांनाही आसनं करता येतील अशी सोय केली. वरचा ब्रिज आणि आपलं सेतुबंधासन सख्खी भावंडं आहेत. यांत भांडण लावायचं कारण नाही. ज्या बाईला गुडघ्यांमुळे सूर्यनमस्कार जमत नाही तिला झोपून करायचा पर्याय मिळाला तर तो तिने का सोडावा?

शिकवणाऱ्याची मात्र नीट चौकशी करावी. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने २००० साली ‘पिलेट्स’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. त्यामुळे ते वापरायला कुणालाच आडकाठी नाही, आणि चार व्हिडिओ पाहून पाटी लावणारेही निघाले आहेत. वर्ग लावण्याआधी विचारा, किती काळाचं प्रशिक्षण घेतलं, कुठे घेतलं. आणि शिकवणाऱ्याने तुम्हाला बाळंतपणं, ऑपरेशन, बीपी, हाडं यांबद्दल एकही प्रश्न न विचारता पहिल्याच दिवशी सतरंजीवर झोपवलं, तर तिथून उठून या.

शेवटी जागेबद्दल. आमची खोली लहान आहे, पंधरा जणींच्या सतरंज्या पसरल्या की दार उघडत नाही. नळाला पाणी सोडायच्या दिवशी निम्म्या जणी येत नाहीत, बाकीच्या दिवशी काहींना परत पाठवावं लागतं. आपल्या शहरात आणि खेड्यांत समुदाय भवनं, सांस्कृतिक भवनं बांधलेली आहेत, ती लग्नसराई सोडली तर सकाळी बंद असतात. आम्ही त्यांपैकी एकासाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. बागांतून ओपन जिम बसवल्या, चांगलं झालं, पण साडी नेसलेली बाई चारचौघांत त्या यंत्रांवर चढत नाही. तिला बंद दार, कोरडी फरशी आणि एक तास हवा आहे. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे राज्यात बायकांना साध्या बसचं तिकीट पडत नाही. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीहून बायका सकाळी येऊन परत जाऊ शकतात. स्त्रीशक्ती संघांच्या बैठका होतात, आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. त्यांच्यामार्फत श्वास सोडून ओझं उचलण्याची सवय आणि चार सोपे व्यायाम, काय करू नये त्यासकट, मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून वाटता येतील. मजकूर तपासून द्यायला भाची तयार आहे आणि तिच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञही.

आपल्या पुढच्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिलंत तर छायाचित्र आमच्या खोलीतलं घ्या. नऊवारीतल्या आजी ब्रिज करून दाखवायला तयार आहेत, त्यांना विचारूनच लिहिते आहे. वर्ग रोज सकाळी साडेसहाला असतो. छायाचित्रकार बाई असेल तर बरं. आणि महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ज्या सदस्या हे पत्र वाचतील, त्यांनी आपल्या प्रभागातल्या भवनाची किल्ली सकाळी कुणाकडे असते एवढी चौकशी करून संपादकांमार्फत कळवावं, पुढची खटपट आम्ही करू.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका
शहापूर, बेळगाव